डायरीत मी 'झोप' लिहिलं

तुम्ही डॉक्टरांशी शेवटचं खोटं कधी बोललात?

मोठं खोटं विचारत नाही मी. "गोळ्या वेळेवर घेता ना?" "हो." "जिना चढताना दम लागतो?" "तसा काही नाही." असलं खोटं, जे बोलताना आपल्याला ते खोटं वाटतही नाही.

माझं खोटं एका शब्दाचं होतं. मंगळवारी दुपारी तीन-साडेतीनची वेळ. ऑकलंडमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या हृदयविभागात, खिडकी नसलेल्या खोलीत मी संगणकासमोर बसले होते. पडद्यावर एका हृदयाची चोवीस तासांची रेषा होती आणि ते हृदय माझं होतं. रविवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी त्या रेषेत एक रिकामी जागा पडली होती. चार पूर्णांक दोन दशांश सेकंद. तेवढा वेळ माझ्या हृदयाचा ठोका पडलाच नव्हता.

माझी वरिष्ठ हुइया अंगात कोट चढवत होती. उत्तरेला तिच्या आत्याचं निधन झालं होतं आणि माओरी रीतीप्रमाणे तीन दिवस तिला तिथे राहायचं होतं. तिने माझ्या खांद्यावरून तो आकडा पाहिला आणि दारातून चाललेल्या डॉ. मॅके यांना हाक मारली. या शिकाऊ मुलीने सरावासाठी स्वतःला लावलेल्या होल्टरमध्ये चार सेकंदांचा पॉज दिसतोय, असं सांगितलं.

डॉक्टरांनी दारातूनच मला विचारलं, "त्या वेळी तू काय करत होतीस?"

मी समोरच्या डायरीकडे पाहिलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : झोप.

"झोपले होते," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा सैल झाला. तरुण माणसाचं हृदय झोपेत असं रेंगाळतं, ते म्हणाले, बहुधा काळजीचं कारण नाही. पुढच्या आठवड्यात हुइया बाकीच्या रिपोर्टांबरोबर ठेवेल तेव्हा नीट बघू. जागेपणी कधी चक्कर आली तर मात्र लगेच सांग.

म्हणजे माझं निदान झालं. काही झालेलं नाही, हे निदान. आणि ते चूक आहे हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

हे मी लिहिते आहे ते इथे येऊन राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी, आणि त्यांच्याकडे सहा-सहा महिने राहायला येणाऱ्या आईवडिलांसाठी. त्यामुळे थोडं मागून सांगावं लागेल.

मी इचलकरंजीची. वडील शाळामास्तर. पण आमच्या घराची ओळख पत्रकांची. रविवारी बाबा आणि त्यांचे मित्र बाजारात पत्रकं वाटायचे. दूषित पाणी, हुंडा, भगतगिरी, विंचू चावल्यावर काय करावं, विषय कुठलाही चालायचा. घड्या घालायचं काम माझं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि त्यामुळे माझं बोलणंही तसंच झालं. मी माणसांशी बोलत नाही, आवाहन करते, असं माझी आई म्हणते.

भौतिकशास्त्रात पदवी घेतली. इथे येऊन एक वर्षाचा कोर्स केला आणि २००५ साली या रुग्णालयात शिकाऊ म्हणून लागले. कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट हे त्या कामाचं लांबलचक नाव. हृदयाचे ईसीजी काढणं, ट्रेडमिल टेस्ट घेणं, पेसमेकर तपासणं, होल्टर लावून त्याची नोंद वाचणं, हे ते काम. विभागात आम्हाला नुसतं 'टेक' म्हणत. शर्वरी हे नाव कुणाला झेपेना म्हणून पहिल्याच आठवड्यात माझं 'शॅझ' झालं. शिकत काम करायचं, दोन वर्षांनी परीक्षा द्यायची. ती जागा होती म्हणून माझा व्हिसा होता. जागा गेली की परत इचलकरंजी. ही गोष्ट मनात धरून पुढचं वाचा, म्हणजे मी मूर्ख का झाले ते निदान थोडं तरी कळेल.

होल्टर म्हणजे काय ते सांगते. पानसुपारीच्या डबीएवढं एक यंत्र कमरेला लावतात. त्याच्या तारा छातीवर चिकटवतात. ते यंत्र चोवीस तास प्रत्येक ठोका नोंदवतं. पण ठोका पडला तेव्हा तुम्ही काय करत होतात हे यंत्राला कळत नाही. म्हणून सोबत एक लहान वही देतात, तिला डायरी म्हणतात. किती वाजता काय केलं, काय वाटलं, हे रुग्णाने त्यात लिहायचं. यंत्राची रेषा आणि माणसाची डायरी शेजारी ठेवून वाचतात. एकच रिकामी जागा झोपेत पडली तर निरुपद्रवी असू शकते आणि जागेपणी पडली तर जिवावरची. हुइया मला पहिल्या दिवशी म्हणाली होती, "अर्धी तपासणी आपण करतो, अर्धी पेशंट करतो."

आपल्या लोकांची अर्धी तपासणी कोरी यायची, हे मला सहा महिन्यांत दिसलं. त्यात सबनीस काका आले.

सबनीस काका पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे. शहराच्या उत्तरेला अल्बनीत मुलगा अभिजित आणि सून मानसी यांच्याकडे राहायला आले होते. मानसीचं बाळंतपण दोन महिन्यांवर होतं. काका एकदा बागेत बसता बसता कोलमडले, म्हणून अभिजित त्यांना घेऊन आला. मी होल्टर लावला. दुसऱ्या दिवशी डायरी परत आली ती अशी : "७.०० चहा. ठीक. ८.१५ स्पंजिंग. ठीक. ९.०० पोहे. ठीक." टपोरं, वळणदार अक्षर. चोवीस तासांत एकोणीस वेळा ठीक.

आणि रेषेत मात्र दिवसभर ठोके मंदावलेले, मधेच थबकलेले.

मी चिडले. मुलासमोरच त्यांना सुनावलं. म्हटलं, काका, हे प्रगतिपुस्तक नाही. खोटी डायरी म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं. तुम्ही कुणाला वाचवताय?

काकांनी शर्टाची बटणं शांतपणे लावली. मग म्हणाले, "पोरी, तू एकदा लावून बघ हे डबडं. चोवीस तास स्वतःबद्दल खरं लिहून दाखव. मग मला शिकव."

अभिजित ओशाळला. मला मात्र ते आव्हान वाटलं. मग मी दोन गोष्टी केल्या. एक, पत्रक लिहिलं. हिरव्या कागदावर, मोठ्या अक्षरांत : "डायरी खरी भरा. लपवलेला आजार हा घरच्यांवर केलेला अन्याय आहे. लाज आजाराची नाही, लपवण्याची वाटली पाहिजे." पापाटोएटोतल्या किराणा दुकानात गठ्ठा ठेवला, मराठी मंडळींच्या जेवणाच्या दिवशी हॉलच्या दाराशी उभी राहून वाटलं. अभिजितच्या हातातही एक दिलं. दुसरी गोष्ट, शनिवारी दुपारी हुइयाकडून स्वतःला होल्टर लावून घेतला. सराव म्हणून आम्ही एकमेकांना लावतच असू. त्या नोंदीला रुग्णक्रमांक नसतो. नाव म्हणून 'सराव ३' असं काहीतरी टाकायचं, शिकायचं आणि खोडून टाकायचं.

आता तो रविवार.

मी न्यू लिनला एका घराची मागची खोली भाड्याने घेतली होती. दुपारी ऊन पडलं म्हणून चादरी धुतल्या. इथे अंगणात कपडे वाळत घालायला उलट्या छत्रीसारखी दोरी असते. मधे खांब, वर चार फाटे, वाऱ्याने गोल फिरते. मी हात वर करून चादरीला चिमटा लावत होते. अचानक कडेकडेने सगळं काळं होत आलं. आवाज लांब गेले. आधार म्हणून वरचा फाटा धरला, तर दोरी फिरली, आणि तिच्याबरोबर मीही अर्धी गिरकी घेऊन ओल्या गवतात बसले. चिमट्यांची पिशवी उपडी झाली.

किती वेळ गेला कळलं नाही. फार नसावा. कमरेचं यंत्र तपासलं, तार निघाली नव्हती. चिमटे गोळा केले. आत आले. घड्याळात तीन वाजून चौदा मिनिटं झाली होती. डायरी उघडली आणि लिहिलं : "३.१० – झोप."

का?

हा प्रश्न मला तेव्हापासून शेकडो वेळा पडला आहे. नोकरीच्या भीतीने, हे एक उत्तर. शिकाऊ टेकला चक्कर येते म्हटल्यावर ठेवतील का? पण खरं सांगते, पेन हातात घेतलं तेव्हा नोकरी मनात नव्हती. मनात काहीच नव्हतं. हात आपोआप चालला. शेवंतीमावशीने फोनवर "कशी आहेस गं" विचारलं की तोंडातून "मस्त" निघतं, तसा. आणि 'चक्कर' न लिहिता मी नुसतं 'ठीक' लिहिलं असतं तरी समजण्यासारखं होतं. 'झोप' का सुचलं? कारण झोपेत पॉज चालतो हे मला शिकवलेलं होतं. काकांना ते माहीत नव्हतं म्हणून त्यांचं खोटं भाबडं होतं. माझं शिकलेलं होतं. म्हणजे हात नुसता आपोआप चालला नव्हता. का चालला होता? मला अजून कळत नाही.

आणि असं पहिल्यांदाच झालं होतं का? वसतिगृहात असताना दोनदा झालं होतं. रिकाम्या पोटी धावपळ, असं मीच ठरवून टाकलं होतं.

मंगळवारची गोष्ट वर सांगितलीच. हुइया गेली. डॉक्टर गेले. मी आणि 'सराव ३' उरलो.

मी ती रिकामी जागा मोठी करून पाहिली. ईसीजीत प्रत्येक ठोक्याला आधी एक लहान उंचवटा येतो आणि मग एक उंच टोक. उंचवटा म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं काम, टोक म्हणजे खालच्या, रक्त ढकलणाऱ्या कप्प्यांचं. माझ्या रिकाम्या जागेत उंचवटे येतच होते, घाईघाईने, एकामागून एक. टोक मात्र गायब. वरून निरोप निघत होता आणि खाली पोचत नव्हता. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीतल्या ब्लॉकेजशी याचा संबंध नाही. हा विजेच्या वाटेतला अडथळा. शिवाय रेषा खरबरीत होती. झोपलेल्या माणसाची रेषा स्वच्छ असते, खरबरीत होते ती हात हलवणाऱ्याची. हे मला तिसऱ्या आठवड्यात शिकवलं होतं. कुणीही दहा सेकंद नीट पाहिलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

पण कुणी पाहण्याआधी एक बटण दाबून ते खोडता येत होतं. सरावाची नोंद, कोण विचारणार?

बुधवारी मी दोनदा ती नोंद उघडली, दोनदा खोडण्याच्या बटणापर्यंत गेले आणि परत आले. बाबांचा फोन आला. "बरी आहेस ना?" "मस्त." त्याच दिवशी सबनीस काका पुन्हा होल्टर लावायला आले, डॉक्टरांनी बोलावलं होतं. मी त्यांच्या छातीवर तारा चिकटवत होते आणि मला सारखं वाटत होतं की माझ्या हाताखालचं हे हृदयसुद्धा माझ्यापेक्षा खात्रीचं आहे. चालताना मी भिंतीकडेने चालत होते. न्यू लिनच्या स्टेशनवर फलाटाच्या कडेपासून लांब, बाकाला धरून उभी राहत होते. भीती वाटत होती तर सांगत का नव्हते? सांगायचं नव्हतं तर खोडत का नव्हते? डोक्यात नुसता कालवा.

गुरुवारी अकरा वाजता काका यंत्र परत द्यायला आले. अभिजित गाडी लावायला गेला होता. त्यांनी डायरी टेबलावर ठेवली. मी उघडली.

"११.२० जिना. डोळ्यांपुढे अंधारी. कठडा धरला. १.०५ जेवून उठताना. टेबल धरले. ४.४० टपालपेटीपर्यंत गेलो, परतताना कुंपण धरून उभा. अंदाजे एक मिनिट. घाबरलो."

शेवटचा शब्द मी दोनदा वाचला.

"पक्कं डायरीत लिहिलंय," काका म्हणाले. मग खिशातून चार घड्या घातलेला हिरवा कागद काढला. माझं पत्रक. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने वेळा टिपलेल्या. "कच्चं तुझ्या पत्रकावर केलं. कागद चांगला आहे."

मी म्हटलं, म्हणजे पत्रक वाचलंत तुम्ही.

"वाचलं की. वाचून कोण खरं बोलतं? उलट म्हटलं, ही पोरगी आता आपल्याला अन्यायी ठरवतेय." ते हसले. "अभिजित रोज विचारतो, बाबा बरं आहे ना? त्यात उत्तर त्यानेच भरलेलं असतं, मी फक्त हो म्हणायचं. काल मानसी म्हणाली, बाबा, आज कठडा कितीदा धरलात? आता याला ठीक कसं म्हणू? मोजावंच लागलं."

मग त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तू लावलंस का डबडं?"

"लावलं."

"काय लिहिलंस?"

मी त्यांच्या डायरीची पानं चाळू लागले. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपण पेशंट नसून तपासनीस असल्यासारखं विचारलं, "बरं, ते राहू दे. कशाला धरलंस?"

"दोरीला," मी म्हणाले. "कपड्यांच्या. ती फिरली."

पुढे मी रडले, त्याचं वर्णन करत नाही. काका उठले, दाराशी गेले आणि त्यांच्या बँकेतल्या इंग्रजीत कुणाला तरी म्हणाले, प्लीज कॉल द डॉक्टर, द गर्ल इज नॉट वेल. तेवढ्यात अभिजित आला. त्याला वाटलं बाबांनाच काही झालं. काकांनी त्याला गप्प बसवलं.

डॉ. मॅके आले. मी त्यांना पडद्यावरची जागा दाखवली आणि डायरीतला शब्द खोटा असल्याचं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ती रेषा मोठी करून पाहिली. म्हणाले, "मी मंगळवारी ही पाहायला हवी होती. तू म्हणालीस झोप, मी म्हणालो बरं. दोघांनाही सोयीचं होतं." मग मला तिथून पायी जाऊ दिलं नाही. चाकाची खुर्ची मागवली.

ज्या वॉर्डात मी रोज सकाळी ईसीजी काढायला जायचे तिथेच मला खाट मिळाली. छातीवर पुन्हा तारा. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंचा ईसीजी मी सोमवारी काढला होता. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुझी गाऊनची नाडी उलटी बांधलीये, बाळ.

शुक्रवारी हुइया परतली, थेट माझ्या खाटेशी. मी बोलायच्या आत म्हणाली, "कोट घालता घालता मला ती रेषा खरबरीत दिसली होती, शॅझ. तीन दिवस ती माझ्या डोक्यात होती. फोन करायला हवा होता. मी डायरीवर विश्वास ठेवला." मी म्हटलं, चूक माझी. ती म्हणाली, चूक वाटून घेऊ, पुरेशी आहे.

त्या दिवशी ट्रेडमिल टेस्ट झाली. चालत्या पट्ट्यावर चालायचं, वेग आणि चढ वाढत जातो, ईसीजी चालू असतो. हुइयाने पडदा माझ्याकडून वळवून घेतला. पेशंटने पडदा बघायचा नाही हा आमचा नियम. सहाव्या मिनिटाला पाय जड झाले. मला रेषा दिसत नव्हती, पण हुइयाचा चेहरा दिसत होता आणि तो मला वाचता येत होता. पट्टा थांबला. निम्मेच निरोप खाली पोचत होते.

डॉक्टर खाटेवर बसून बोलले. वाटेतला अडथळा अधूनमधून पूर्ण बंद होतो. औषधाने तो उघडत नाही. पेसमेकर लागेल. पेसमेकर म्हणजे खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत ठेवायचं काडेपेटीएवढं यंत्र. त्याच्या तारा शिरेतून हृदयात जातात. निरोप पोचला नाही तर ते स्वतः ठोका देतं.

मी विचारलं, का झालं? मी चोवीस वर्षांची आहे. ते म्हणाले, "माहीत नाही. काही कारणं तपासली, ती नाहीत. कदाचित कधीच कळणार नाही." आमच्या घरात प्रत्येक पत्रकात 'कारणे' आणि 'उपाय' असे दोन मथळे असत. मला फक्त दुसरा मिळाला. त्याची सवय अजून झालेली नाही.

मग मी खरी भीती विचारली. माझी जागा? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. हुइयाला कळला. ती म्हणाली, पेसमेकरवाल्यांनी पेसमेकर तपासू नयेत असा नियम तिने तरी पाहिलेला नाही. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तोवर टेबलावरचं काम कर आणि अभ्यास कर. स्वीट अ‍ॅज, म्हणजे इथल्या बोलीत, काही अडचण नाही. ज्या गोष्टीसाठी मी जिवाशी खेळले ती दोन वाक्यांत मिटली. मी ते दोन वाक्यांचं बोलणं आधी का केलं नव्हतं?

सोमवारी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे शिरेतून हृदयात तारा घालतात त्या खोलीत नेलं. जागेपणीच करतात, खांदा बधिर करून. चेहऱ्याशेजारी हिरवं कापड, पलीकडे डॉक्टर, पायाशी हुइया तिचं यंत्र घेऊन. तारा हृदयात बसल्यावर त्या नीट काम करतात का हे तपासणं टेकचं काम असतं. मी ते शिकत होते, त्यामुळे तिचा प्रत्येक आकडा मला कळत होता. ती म्हणाली, "आता नव्वदवर नेते." आणि माझं हृदय नव्वदने चाललं. ती म्हणाली, "सोडते." ते सुटलं. दुसऱ्या कुणाच्या शब्दाबरोबर आपलं हृदय चालण्याची भावना मला सांगता येत नाही. भीती होती, कृतज्ञता होती, आणि हसूही येत होतं, कारण त्याच क्षणी तिने मला विचारलं, "थ्रेशोल्ड किती असलेला चालतो, शॅझ? परीक्षेत येतं." थ्रेशोल्ड म्हणजे ठोका पडायला लागणारा विजेचा कमीत कमी जोर. मी उत्तर दिलं. बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातून, फोनचं कार्ड आणलं आणि बाबांना सगळं सांगितलं. पलीकडे आई रडत होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आयुष्यभर पत्रकं छापली मी. घड्या तूच घातल्यास. आतलं वाचायचं राहिलं वाटतं."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही कसे आहात?

"मी ठीक."

मला काका आठवले. मी विचारलं, "आज बाजारातून घरी येताना वाटेत कितीदा थांबलात?"

फोनवर नुसती खरखर. मग बाबा म्हणाले, "दोनदा. पण पिशवी जड होती."

पुढच्या आठवड्यात आईने त्यांना मिरजेला नेऊन दाखवलं. त्यांच्या तपासण्या अजून चालूच आहेत, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही. सबनीस काकांचं मात्र सांगता येईल. त्यांची रक्तदाबाची गोळी ठोके जास्तच मंद करत होती. ती बदलली. तेवढंच. नात झाली तेव्हा ते अल्बनीतच होते, आणि कठडा आता धरत नाहीत; मानसी मोजते.

माझी परीक्षा झाली, उत्तीर्ण झाले. पण मी बरी झाले आहे का, ते सांगता येत नाही. पायऱ्या उतरताना मधेच माझा हात डाव्या खांद्याखालच्या त्या उंचवट्यावर जातो. मी खोटं का लिहिलं याचं उत्तर मिळालेलं नाही आणि मी ते शोधणं सोडलेलं नाही. हुइयाचे, डॉक्टरांचे, बँकेतल्या इंग्रजीत हाक मारणाऱ्या काकांचे उपकार मानते. एवढं मात्र नक्की कळलं की माझ्या हिरव्या पत्रकात चूक होती. आजारी माणसाला खरं बोल म्हणून मी दरडावलं. धडधाकट माणसाने विचारायचं कसं, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

ती ओळ आता लिहिते. हे वाचून झालं की तुमच्या घरातल्या एका माणसाकडे जा, किंवा लांब असेल तर फोन लावा. "बरं आहे ना?" असं विचारू नका. विचारा, आज कुठे थांबलात, कशाला धरलंत. विचारून झालं की गप्प बसा आणि उत्तराची वाट बघा. मग त्यांना सांगा की हाच प्रश्न आता तुम्हाला विचारावा.